शक्यता असली तरी

आमच्या कुत्र्याचं नाव रावजी. हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. घरात मेंढरं हुती तवा राखणीची सगळी कुत्री एकाच रक्ताची हुती, त्यातला हा शेवटचा. सासरे गेले, मेंढरं विकली, रानात ऊस उभा राहिला, आणि जुन्या घरचा म्हणून एवढा एक रावजी उरला. त्याला कुणी अरे-तुरे केलेलं आमच्या आत्यांना खपत न्हाय. "रावजी जेवलं का गं?" असं विचारतात. मला "गिळलंस का?" म्हणतात. माया दोन्हीत हाय, मी कुठं न्हाय म्हणते? पण फरक ऐकू येतोच की.

आत्या म्हणजे माझी सासू, कुशाबाई. मालकांचं नाव इंद्रजित. ते दुधाचा टेम्पो चालवतात, सांगवीपासनं बारामती, आणि एक दिवसाआड इंदापूर. मी स्वप्नाली, शिलाईकाम करते. ब्लाऊज शिवते, परकर शिवते, पण माझं खरं नाव झालंय ते लहान पोरांच्या कपड्यांत. कुंची, झबलं, टोपडं, दुपटं. आमच्या सांगवीत माझ्या हातच्या कुंचीशिवाय पोर उंबऱ्याबाहेर पडत न्हाय. कुंची न्यायला बायका घरी येतात, गोड बोलतात, आणि बारशाचं बोलवणं करायला निघाल्या की आमचं दार वगळून पुढच्या दारात जातात.

बारा वर्षं झाली लग्नाला. पुण्यापर्यंतचे दवाखाने करून झाले. डॉक्टर म्हणतात, दोघांतबी दोष न्हाय. आता ह्याचं माणसानं काय करायचं सांगा! दोष असता तर त्याच्याशी भांडले तरी असते मी. भांडायला मला कुणी शिकवावं लागत न्हाय.

पहिली काही वर्षं बायका विचारायच्या, "काय गं, काय विशेष?" माझं डोकं फिरायचं. एकीला तर मी म्हणलं हुतं, "विशेष हाय की, तुझा ब्लाऊज उसवलाय." मग हळूहळू विचारायचं बंद झालं. तवा मला कळलं की त्या विचारत हुत्या तेच बरं हुतं. विचारतात म्हणजे त्यांनाबी वाटत असतं, की होईल.

तर रावजीचं सांगत हुते. दिवाळी झाली, कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की आमच्या रानाच्या पलीकडं पाटाच्या कडंला ऊसतोडीची टोळी उतरते. त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या पडतात, बैलं येतात, आणि कुत्री येतात. त्यात माद्या असायच्याच. मग रावजी घरी कशाला थांबतोय! सकाळी साखळी तोडून गेला की संध्याकाळी कान फाटलेला, मान रक्तानं भरलेली, अशा थाटात माघारी यायचा. ह्या वर्षी एकदा उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचला. ह्यांनी डोळ्यानं बघितलं. घरी येऊन म्हणाले, "आता ऑपरेशन करून टाकू. जिवंत तर राहील."

आत्या उसळल्याच. "खबरदार! तुझ्या बापानं ही जात संभाळली. शेळगावच्या दत्तोबाची मेंढरं कोकणातनं माघारी आली की त्यांच्या मोना कुत्रीला ह्याची पिल्लं घ्यायची हायेत. ह्याचा वंस बुडवायचा न्हाय मला."

मी शेजारीच बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत हुते. आमच्या घरात कुत्र्याच्या वंशाची चर्चा चाललेली आणि मी शेंगा फोडते. आत्यांच्या मनात काय नव्हतं, मला ठाऊक हाय. बोलून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आणि त्या उगंच म्हणाल्या, "शेंगा लई किडक्या निघाल्या न्हाय ह्या वर्षी?" एकबी शेंग किडकी नव्हती.

बारामतीत कुत्र्या-मांजरांचा एक दवाखाना हाय. तिथं श्रेया मॅडम म्हणून डॉक्टर हायेत, तरुण पोरगी, पण बोलणं एकदम खणखणीत. आम्ही तिघं रावजीला टेम्पोत घालून घेऊन गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग ऑपरेशन नको. औषधाचा दाणा बसवू. खांद्यांच्या मध्ये, सैल कातडीच्या खाली. सहाएक महिने ओढ बंद ठेवतो, मग असर उतरतो आणि कुत्रा बहुतेक पहिल्यासारखा होतो. तुमच्या मोनाला तेव्हा बघा."

आत्यांना पटलं. बंद पडणार पण संपणार न्हाय, एवढं त्यांना पुरे हुतं.

"पण नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "दाणा बसला म्हणजे लगेच काम झालं असं नाही. सुरुवातीला उलटं होतं. आधी जोर वाढतो, मग उतरतो. त्यामुळं दीड महिना तरी माद्यांपासून लांब, पक्का बांधून ठेवायचा. जागा चोळायची नाही, दाबायची नाही, घरगुती काही लावायचं नाही. सूज आली तर मला फोन करायचा."

"व्हय व्हय," आत्या म्हणाल्या. ज्या अर्थी दोनदा 'व्हय' म्हणाल्या, त्या अर्थी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी हातमोजे घातले. सुई चांगली जाड हुती. रावजीला धरायला आम्ही तिघं सरसावलो, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं बघितलं. सरळ, साधं, दुकानदार पिशवी हाय का विचारतो तसं विचारलं, "ताई, तुम्ही गरोदर नाही ना? ह्या औषधाला गरोदर बाईनं हात लावायचा नसतो. खात्रीनं माहीत नसेल, नुसती शक्यता असली तरी लांब राहायचं."

आता काय सांगू तुम्हाला. त्या पोरीला माझं कायबी ठाऊक नव्हतं. बारा वर्षं ठाऊक नव्हती, पुण्याचे दवाखाने ठाऊक नव्हते. तिला एक बाई दिसली, आणि बाई हाय म्हणजे शक्यता हाय, एवढंच तिनं धरलं. माझ्याकडं बघून असं कुणी किती वर्षांत म्हणलं नव्हतं. "न्हाय हो मॅडम" म्हणायला तोंड उघडलं मी. पण पाय आपोआप मागं गेले आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले.

ह्यांनी बघितलं. आत्यांनी बघितलं. रावजी केकाटला, दाणा आत गेला, काम झालं.

येताना ह्यांनी गतिरोधकावरनं टेम्पो असा नेला की मागचे रिकामे कॅनसुद्धा वाजले न्हाईत. मला वाटलं रावजीसाठी. घरी आल्यावर मी पाण्याची बादली उचलली, ती ह्यांनी हातातनं काढून घेतली. "राहू दे." एवढंच बोलले, आणि कानापर्यंत लाल झाले.

तवा माझ्या ध्यानात आलं, ह्यांना काय वाटलंय ते. अगं बाई गं!

तुम्ही म्हणाल, मग लगेच सांगून टाकायचं. सांगणार कसं? आमच्यात पहिले तीन महिने कुणी बोलत न्हाय. पोटातलं बोललं की दृष्ट लागते. सासू सुनेला विचारत न्हाय, नवरा बायकोला विचारत न्हाय, सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे दुसरंच बोलतात. कुणी विचारलं असतं तर मी न्हाय म्हणले असते. पण जे कुणी बोललंच न्हाय त्याला न्हाय कसं म्हणायचं? सकाळी चहाचा कप पुढं करताना म्हणायचं का, "अहो, साखर कमी हाय, आणि मला दिवस न्हाईत"?

ह्यांनी तंबाखू सोडली. मी बारा वर्षं कानीकपाळी ओरडले तरी न सुटलेली तंबाखू, एका दिवसात. इंदापूरची खेप झाली की डाळिंबं यायला लागली. सोलून, दाणे काढून, वाटीत घालून माझ्या मशीनशेजारी ठेवायचे आणि चोरासारखे निघून जायचे. आत्यांनी माळ्यावरनं शेवटच्या कातरणीची लोकर काढली आणि चात्या घेऊन सूत कातायला बसल्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "हाताला चाळा." घोंगडं विणायचं असतं ना, तर एवढं बारीक, एवढं मऊ सूत कुणी कातत न्हाय. मला कळत हुतं ते कुणाच्या अंगाखाली घालायचं हुतं.

आणि मी? मी काय शहाणी लागून गेले हुते? मी डाळिंब खाल्लं. खोटं बोलत न्हाय, गोड लागलं.

पुढच्या आठवड्यात माझी पाळी आली. आमच्या घरात आता वेगळं बसणं-बिसणं राहिलं न्हाय, तरी एक नेम हाय. त्या दिवसांत मी बिरोबापुढं दिवा लावत न्हाय. "आत्या, दिवा तुम्ही लावा" म्हणते, की त्यांना कळतं. त्या संध्याकाळी आत्या सूत कातत बसलेल्या, तोंडानं काहीतरी जुनं गुणगुणत हुत्या. मला कितीतरी वर्षांत त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं नव्हतं. मी उठले, हातपाय धुतले आणि दिवा लावला. देवाला म्हणलं, "मला काय करायचं ते कर, पण ह्या दोघांना ही आशा अजून थोडे दिवस असू दे."

रावजीचं म्हणाल तर मॅडम बोलल्या ते खरंच झालं. आधी जोर वाढला. परड्यात दोन साखळ्या लावून बांधलेला, आणि संध्याकाळचा वारा पाटाकडनं आला की कोप्यांच्या दिशेला तोंड करून रडत बसायचा. मी मशीनवरचं काम उचलून त्याच्याजवळ जाऊन बसायची. हातशिलाई करता करता त्याच्याशी बोलायची. दुसरं कुणाशी बोलणार?

"रावजी," मी म्हणायची, "तुमचं बरं हाय बघा. थोडे दिवस काढा, मग तुमची ओढ उतरणार. पलीकडनं मादी गेली तरी मान वर करणार न्हाईसा. माझ्या मानेत का बसवत न्हाय कुणी असला दाणा? बारा वर्षं झाली ओ. दुसऱ्याचं लेकरू दिसलं की छातीत दुखतं. कुंचीला झालर लावताना दुखतं. नुसतं सहा महिने जरी बंद पडलं ना, तरी मी बारामतीला चालत जाईन."

तो माझ्या मांडीवर तोंड टाकायचा आणि पुन्हा कोप्यांकडं बघायचा. खरं सांगू का, मी दाणा मागायची, पण हातात काय असायचं तर एक कुंची. कुणाची ऑर्डर नव्हती ती. माझ्याच एका जुन्या जांभळ्या इरकलीचं कापड, मीच कापलेलं. ओढ बंद कर म्हणायचं आणि टाके घालत राहायचं, असलं माझं येडं काम.

आता आत्यांचं ऐका. रावजीच्या मानेवर दाण्याच्या जागी थोडी सूज आली. त्यानं पायानं खाजवून खाजवून जखम केली. मला वाटलं आत्यांनी ह्यांना सांगितलं असंल, ह्यांना वाटलं मी मॅडमना फोन केला असंल. आत्यांनी कुणाला कायच सांगितलं न्हाय. आयुष्य मेंढरांत गेलेलं, मेंढराच्या अंगावर गळू आलं की ते पिकवून काढायचं, एवढं पक्कं ठाऊक. आम्ही कामात असताना त्या रोज गरम कांदा-हळदीचं पोटीस बांधायच्या आणि हळूहळू दाबायच्या. मॅडमनी नेमकं जे करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं प्रेमानं करून झालं.

एका दुपारी हे जेवून टेम्पो धूत हुते, मी ओट्यावर कुंचीला बंद लावत हुते. परड्यातनं आत्यांची आरोळी आली, "निघालं, निघालं! बघा केवढं निघालं!"

आम्ही पळालो. रावजी मान झटकत उभा, आत्या खूश, आणि खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक पांढरट तुकडा पडलेला. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा.

"आई, काय केलंस गं हे!" हे म्हणाले. "ही घाण न्हवं. हे औषध हाय!"

आत्यांचं तोंड एवढंसं झालं. "मला वाटलं ते इरघाळलं असंल कवाच."

ह्यांनी रावजीला साखळीसकट मागं ओढून खुंट्याला आखूड बांधलं, नाहीतर त्यानं तो चाटलाच असता. मग मॅडमना फोन लावला. हात ओले, म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकर चालू केला. मॅडमनी आधी आम्हाला चांगलं झापलं. मग म्हणाल्या, "घाबरू नका. कुत्र्याला आजच घेऊन या, जखम बघते. तो दाणा उघड्या हातानं उचलू नका. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला, तशीच बांधून घेऊन या. चुकून लागलाच तर साबणानं हात स्वच्छ धुवा. आणि हो, त्या ताईंना लांब ठेवा. त्या दिवशी त्या मागं सरकल्या होत्या, माझ्या लक्षात आहे. कितवा महिना आहे त्यांना?"

जे आमच्यात कुणी बोलत नव्हतं ते फोननं बोलून टाकलं.

हे पिशवी आणायला आत धावले. जाता जाता ओरडले, "तू मागं हो! घरात जा!" आत्या माझ्या पुढं आल्या आणि त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. त्या एवढ्याशा म्हातारीनं, जमिनीवरच्या त्या दाण्याच्या आणि माझ्या मधी. मेंढरामागं लांडगा लागला की अशाच उभ्या राहत असतील. त्यांच्या बोटांना लोकरीचे बारीक धागे चिकटलेले हुते.

मला ते बघवलं न्हाय. कुणाला राखत हुत्या त्या? माझ्या आत कोण हुतं?

मी त्यांच्या हाताखालनं वाकले आणि तो दाणा उचलला. उघड्या हातानं, तळहातावर घेतला.

"अगं!" हे दारात हुते, पिशवी हातात. त्यांचा आवाज फाटला. "टाक! टाक ते खाली!"

"मला काय होत न्हाय," मी म्हणलं. "आवं, मला कधीच काय होत न्हाय. त्या दिवशी मी उगंच मागं सरले. मॅडमनी विचारलं म्हणून. कुणीतरी विचारलं म्हणून. मला बरं वाटलं हो तेवढ्यापुरतं, आणि मग तुम्ही डाळिंबं आणायला लागलात." मग मी आत्यांकडं वळले. "आत्या, त्या दिवसांत दिवा पण लावला मी. शिवाशिवीत लावला. बिरोबाला पण फसवलं. तुमच्या त्या सुतापायी."

एवढं बोलल्यावर मला रडायला आलं. चांगलं मोठ्यानं आलं, मला कधी हळू रडता येत न्हाय. ओट्यावर मॅडम "हॅलो, ताई? हॅलो?" करत हुत्या. ह्यांनी ओल्या हातानं फोन बंद केला.

मग ते माझ्याजवळ आले. पिशवी हातात घातली, माझ्या तळहातावरनं दाणा उचलला, पिशवी उलटी करून गाठ मारली आणि खुंटीला अडकवली. मी वाट बघत हुते. ओरडतील, न्हायतर न बोलता टेम्पो घेऊन निघून जातील. मला दोन्ही चाललं असतं.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि न्हाणीपाशी नेलं. साबणाची वडी घेतली आणि माझा हात धुवायला लागले. तळहात धुतला, बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखांच्या कडा धुतल्या. फेस कोपरापर्यंत आला तरी थांबेनात. त्यांचे डोळे भरलेले हुते, पण हात थांबत नव्हते.

"आवं, बास की," मी म्हणलं. "एवढं कशाला? आत्ताच सांगितलं ना तुम्हाला, कायच न्हाय म्हणून."

"ऐकलं मी."

"मग?"

त्यांनी माझा दुसरा हात घेतला. त्या हातानं मी दाण्याला शिवलेसुद्धा नव्हते. त्यालाबी साबण लावला.

"मॅडम काय म्हणल्या?" ते म्हणाले. "नुसती शक्यता असली तरी."

मी आत्यांकडं बघितलं. त्या तांब्या भरून घेऊन आल्या हुत्या. "दिव्याचं बिरोबा बघंल," त्या म्हणाल्या. "तू हात फुडं कर." आणि त्या वरनं पाणी ओतत राहिल्या.